सीआरपी किती आला?
(श्वसनाचे विषाणूजन्य आजार आणि रक्तातली प्रथिनं : जालना येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कोविडच्या साथीत, 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, या जिल्ह्यातल्या घराघरांत तीनच प्रश्न विचारले जात होते. ऑक्सिजन किती आहे? स्कोअर किती आला? सीआरपी किती आला? पहिल्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. दुसरा सीटी स्कॅनचा, तोही ऐकून ऐकून माहीत झाला होता. तिसऱ्याचा आकडा घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असायचा, पण तो आकडा नेमकं काय सांगतो हे फार थोड्यांना माहीत होतं. भोकरदनहून, मंठ्याहून, घनसावंगीहून लोक लॅबच्या कागदाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत होते आणि खाली एकच ओळ असायची : "सीआरपी 62 आलाय, काय करू?" उत्तर देणाऱ्याला पेशंट दिसत नव्हता. त्याचं वय, त्याची शुगर, ताप येऊन किती दिवस झाले, बोलताना धाप लागते का, यातलं काहीच त्या फोटोत नव्हतं.

आजचा विषय मी त्या ओळीपासून घेतला आहे. त्या आकड्यामागचं शास्त्र खरं आहे आणि ते मोठ्या मेहनतीनं उभं राहिलेलं आहे. आपण ते चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाच्या हातात, चुकीच्या प्रश्नासाठी वापरलं. ते नीट वापरता येतं, आणि त्याची सगळ्यात जास्त गरज मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नसून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे.

सीआरपीची कहाणी फुप्फुसाच्या आजारातूनच सुरू होते. 1930 साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस या जंतूपासून काढलेला 'सी' नावाचा एक साखरेचा अंश ते रक्तद्रवात मिसळत. आजार भरात असताना घेतलेल्या रक्तात त्याचा साका बसायचा. रोगी बरा झाल्यावर घेतलेल्या रक्तात बसायचा नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात जंतूविरुद्धचं काही वाढलेलं सापडावं अशी कोणाचीही अपेक्षा असेल. इथे नेमकं उलटं होतं. जे होतं ते आजाराबरोबर येत होतं आणि आजाराबरोबर जात होतं. ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. पेनिसिलीन हाताशी येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या रक्तात सोडतात. हा निरोप यकृताला पोचला की यकृत कामाला लागतं आणि सहा-आठ तासांत सीआरपी वाढू लागतो. साधारण दोन दिवसांत तो शिखरावर जातो. निरोगी माणसात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम असणारं हे प्रथिन दोनशे-तीनशेपर्यंत जाऊ शकतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 19 तासांचं असतं आणि आजार कोणताही असो, ते बदलत नाही. म्हणजे निर्मिती थांबली की आकडा साधारण रोज निम्म्याहून थोडा जास्तच उतरायला हवा. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा दोन दिवसांच्या दोन आकड्यांतला फरक जास्त बोलतो. 120 वरून 60 वर आलेला पेशंट आणि 20 वरून 60 वर गेलेला पेशंट या दोघांच्याही कागदावर 60 च लिहिलेलं असतं. एक घरी जायच्या तयारीत आहे, दुसऱ्याला कदाचित पलंग लागणार आहे.

गावाच्या शिवारात धूर दिसला की कुठेतरी काही जळतंय एवढं कळतं. कोणाचं घर पेटलंय की बांधावर पऱ्हाटी जाळलीय, हे धुरावरून कळत नाही. सीआरपीचं तसंच आहे. दात सुजला तरी तो वाढतो, सांधेवातात वाढतो, क्षयरोगात वाढतो, लठ्ठ माणसात थोडा वाढलेलाच असतो. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्ही असलेल्या लोकांमध्ये क्षयाची शंका घेण्यासाठीही याच चाचणीचा वापर सुचवते. तेव्हा हा एकटा आकडा हातात धरून 'हा कोविड गंभीर होणार' असं म्हणता येत नाही.

मग 2020 मध्ये डॉक्टर त्याच्याकडे एवढे का वळले? कारण या आजाराचा स्वभाव. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. ताप, अंगदुखी, खोकला, वास जाणं. बहुतेक लोक इथेच बरे होतात. काही जणांत सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपास विषाणू ओसरू लागलेला असतानाच शरीराचा स्वतःचा दाह आवरेनासा होतो, फुप्फुसात पाणी साचतं, रक्तात बारीक गुठळ्या होऊ लागतात. पहिल्या पाच दिवसांत या दोन्ही प्रकारचे पेशंट शेजारी शेजारी बसवले तर ओळखू येत नाहीत. दोघंही चहा पितात, दोघंही 'मी बरा आहे' म्हणतात. त्यातला कोणता उद्या बिघडणार हे आज रक्तातून कळावं, यासाठी ही सारी धडपड होती.

गुठळी होते तेव्हा फायब्रिनचं जाळं विणलं जातं, आणि शरीर ते तोडू लागलं की डी-डायमर नावाचे तुकडे रक्तात येतात. वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या 191 रुग्णांचा अभ्यास मार्च 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या वर होता त्यांच्यात मृत्यू कितीतरी जास्त होते. हा एक आकडा जगभर पसरला. फेरिटिन, एलडीएच, इंटरल्यूकिन-6 हेही त्याच्या मागोमाग आले, आणि 'कोविड प्रोफाइल' नावाचं पॅकेज तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण नुकसान इथेच झालं. सीआरपी काही लॅब लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका कागदावरचे 6 म्हणजे दुसऱ्या कागदावरचे 60. डी-डायमर दोन वेगळ्या एककांत दिला जातो आणि एकातला आकडा दुसऱ्यातल्याच्या साधारण दुप्पट येतो. पेशंटनं आज या लॅबमध्ये, परवा त्या लॅबमध्ये रक्त दिलं की आजार न बदलता आकडा बदलतो आणि घरात रडारड सुरू होते. डी-डायमर वयाबरोबरही वाढतो. पन्नाशीनंतर त्याची मर्यादा वयानुसार वर सरकवावी लागते. गरोदर बाईत तो आपोआप जास्त असतो. सत्तरीच्या आजोबांचा आणि पंचविशीच्या नातवाचा रिपोर्ट एकाच रेषेने मोजला तर आजोबा विनाकारण घाबरतात.

फेरिटिनची गोष्ट तर आपल्या भागासाठी वेगळीच आहे. हे लोह साठवणारं प्रथिन. दाहात ते वाढतं, पण शरीरात लोहच कमी असेल तर त्याची सुरुवातच खालून होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. आपल्याकडच्या रक्तक्षयाचं मोठं कारण लोहाची कमतरता आहे. युरोपातल्या किंवा चीनमधल्या रुग्णांवर ठरवलेली फेरिटिनची धोक्याची रेषा ऊसतोडीला जाणाऱ्या मंठ्याच्या बाईला जशीच्या तशी लावली, तर तिचा धोका कागदावर कमी दिसू शकतो. आपल्याच मातीतल्या माणसांवर या रेषा तपासून पाहायला हव्यात असं मी म्हणतो ते या कारणासाठी, अभिमानाचा त्यात काही संबंध नाही.

3 मे 2021 रोजी दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की सौम्य आजार असेल आणि ऑक्सिजन नीट असेल तर सीटी स्कॅन आणि या रक्तचाचण्या करत बसू नका, त्यानं फक्त भीती पसरते. ते अगदी बरोबर बोलले होते. पण तोवर कित्येक घरांत वाढलेला सीआरपी पाहून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू झालेलं होतं. आणि स्टेरॉइडबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा तर जवळजवळ वर्षभर आधीच आलेला होता. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीनं जून 2020 मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन, रोज फक्त 6 मिलिग्रॅम, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एकतृतीयांश मृत्यू टाळतं, ऑक्सिजन लागणाऱ्यांतले एकपंचमांश टाळतं, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीही फायदा देत नाही. उलट अपाय होण्याकडेच कल दिसला. म्हणजे काही रुपयांचं हे औषध कोणाला द्यायचं ते ऑक्सिजनवरून ठरत होतं, सीआरपीवरून नव्हे. शुगर असलेल्यांना अवेळी आणि जास्त मात्रेत स्टेरॉइड मिळालं, आणि त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसनं मराठवाड्यातल्या किती माणसांचे डोळे आणि जबडे नेले हे या सभागृहातल्या डॉक्टरांना मी सांगायला नको.

त्याच रिकव्हरी चाचणीत मात्र सीआरपीला त्याची योग्य जागाही मिळाली. टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-6 चा निरोप अडवणारं महागडं इंजेक्शन. त्याच्या चाचणीत 4,116 रुग्ण घेतले, आणि अट अशी होती की ऑक्सिजन कमी असला पाहिजे आणि सीआरपी 75 च्या वर असला पाहिजे. दोन्ही अटी एकदम. त्या निवडलेल्या रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू 35 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. पेशंटची अवस्था, त्याला जोडून आकडा, आणि त्या आकड्यावर अवलंबून असलेला एक ठरावीक निर्णय : रक्तातल्या प्रथिनाचा उपयोग असा करायचा असतो. ज्या चाचणीच्या उत्तरानं उपचारात काहीच बदलणार नाही, ती करायला लावून गरिबाचे पैसे खर्च करू नयेत. सीटी स्कॅनचे दर तेव्हा किती चढले होते हे आठवत असेल. आपल्या घनसावंगीचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं छातीच्या सीटी स्कॅनचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर दोन ते तीन हजारांत बांधून दिले. ते चांगलंच झालं. पण स्वस्त झालेली चाचणी म्हणजे गरजेची चाचणी असं नव्हे.

आता आपल्याच राज्यातलं एक काम सांगतो. मुंबईत चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय हे साथरोगांचं जुनं रुग्णालय. पवईच्या आयआयटीत संजीव श्रीवास्तव यांची प्रथिनांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. 2020 मध्ये या दोघांनी मिळून रुग्णांच्या रक्तद्रवाचे 71 नमुने तपासले : 20 कोविड नसलेल्यांचे, 18 सौम्य आजाराचे, 33 गंभीर आजाराचे. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांना 1,200 प्रथिनं दिसली. त्यांतली 38 सौम्य आणि गंभीर गटांत ठळकपणे वेगळी होती. रक्त गोठवणारी, रोगप्रतिकाराच्या साखळीतली, पांढऱ्या पेशी सक्रिय होण्याशी संबंधित. त्यांनी निवडक 20 प्रथिनांचा संच संगणकाला शिकवला आणि शंभरातले 84 नमुने बरोबर गटात पडतील एवढी अचूकता मिळाली. अँजिओटेन्सिनोजेन, फायब्रिनोजेनची गॅमा साखळी, अपोलिपोप्रोटीन-बी, सर्पिन-ए3 अशी काही प्रथिनं त्यांनी दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा पडताळूनही पाहिली.

साथ चालू असताना, लोकल बंद असताना, जिवंत विषाणूची शंका असलेले नमुने हाताळून तरुण संशोधकांनी हे केलं. मला त्याचं फार मोल वाटतं. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. नमुने थोडे होते. आणि रक्त घेतलं तेव्हा कोण सौम्य, कोण गंभीर हे बहुतेक ठरून गेलेलं होतं. आजारी दिसणारा माणूस आजारी आहे हे रक्तातून कळणं ही पहिली पायरी. धडधाकट दिसणाऱ्यातला उद्याचा आजारी ओळखणं ही दुसरी, आणि ती फार उंच आहे. जगभर हीच अडचण आली. 'बीएमजे'नं कोविडचा अंदाज सांगणाऱ्या 232 सूत्रांची छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा जवळजवळ सगळीच पूर्वग्रहाच्या दोषानं ग्रासलेली निघाली. टिकून राहिलेल्यांपैकी एक ब्रिटनचं '4सी' गुणांकन. त्यात प्रथिन एकच, सीआरपी. बाकी सात गोष्टी : वय, लिंग, जोडीचे आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्ध आणि रक्तातला युरिया. पस्तीस हजारांहून जास्त रुग्णांवर ते घडवलं आणि बावीस हजारांवर तपासलं. त्यातल्या बहुतेक गोष्टी घड्याळ, ऑक्सिमीटर आणि दोन डोळे असलेली नर्स दहा मिनिटांत नोंदवू शकते.

आणि आता आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास. पाटण्याचं एम्स आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथे ऑक्टोबर 2020 ते जुलै 2021 या काळात मध्यम आजाराचे 426 रुग्ण घेतले. प्रश्न असा होता : यांतल्या कोणाला पुढच्या काही दिवसांत ऑक्सिजन लागेल आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल? सुमारे एकपंचमांश रुग्ण पुढे बिघडले. वय, लिंग आणि ऑक्सिजनची पातळी यांच्या जोडीला एकच रक्तचाचणी घेतली, मग ती इंटरल्यूकिन-6 असो, सूपार नावाचं प्रथिन असो किंवा पांढऱ्या पेशींचं साधं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर असो, तरी अंदाज सुधारला. हे गुणोत्तर साध्या सीबीसीच्या कागदावरून पेन्सिलीनं काढता येतं. पलंग कमी असलेल्या देशानं विचारायला हवा असा हा प्रश्न होता आणि तो आपल्या देशात विचारला गेला, याचा मला आनंद आहे.

तुम्ही म्हणाल, ऑक्सिमीटर असताना रक्त कशाला? ऑक्सिमीटर हे उत्तम साधन आहे, पण ते बिनचूक नाही. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये दिसून आलं की यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के होतं. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या माणसांबाबत ही गोष्ट विसरून चालणार नाही. समजा, सातव्या दिवशी 95 दाखवणारा, साठीचा, शुगरचा पेशंट मंठ्याच्या आरोग्य केंद्रात बसला आहे. जालन्याला जायचं, जालन्याहून गरज पडली तर साठ किलोमीटरवर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं. रुग्णवाहिका एकच आहे आणि बाकावर असे चौघं आहेत. कोणाला आधी बसवायचं? बोटाच्या टोकावरून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत होणारी सीआरपी चाचणी आणि सीबीसी यांची खरी जागा ही आहे.

साथ नसतानाही या चाचणीला काम आहे. दर पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू येतो, लहान मुलांत आरएसव्ही येतो, आणि खोकल्या-तापाच्या प्रत्येक चिठ्ठीवर प्रतिजैविक लिहिलं जातं, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नसताना. उत्तर व्हिएतनाममधल्या दहा आरोग्य केंद्रांत 2,037 रुग्णांवर एक चाचणी झाली. जिथे डॉक्टरच्या टेबलावर सीआरपी मोजला, तिथे प्रतिजैविकं घेणारे 78 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर आले, आणि त्यामुळे रुग्णांचं बिघडलं नाही. ती केंद्रंही आपल्या बदनापूर-परतूरच्या केंद्रांसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रंच होती.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत जालना आहे. 1981 मध्ये जिल्हा झाला, आणि त्याला स्वतःचं शासकीय मेडिकल कॉलेज मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. आता ते आहे. या कॉलेजकडे माझी मागणी मोठ्या यंत्राची नाही. मास स्पेक्ट्रोमीटर पवईत राहू द्या. इथे श्वसनाच्या आजारानं दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ताप कोणत्या तारखेला सुरू झाला हे लिहिलं जावं. पहिल्या दिवसाचं आणि तिसऱ्या दिवसाचं रक्त, एकाच एककात, एकाच पद्धतीनं मोजलं जावं. संमती घेऊन थोडा रक्तद्रव उणे ऐंशी अंशांवर ठेवला जावा. आणि महिनाभरानं पेशंटच्या घरी फोन करून तो कसा आहे ते नोंदवलं जावं. पाच वर्षं हे केलं तर सीआरपीची, फेरिटिनची जालन्याची रेषा आपल्याला ठाऊक असेल, आणि पुढचा विषाणू येईल तेव्हा वुहानच्या तक्त्याची वाट पाहावी लागणार नाही.

लॅब चालवणाऱ्या मित्रांना विनंती आहे : आकड्याशेजारी एकक ठळक छापा आणि आपली पद्धत लिहा. आशाताईंना विनंती आहे : तापाचा पहिला दिवस तुमच्या वहीत टिपून ठेवा, तो कोणत्याही प्रथिनाइतका मोलाचा आहे. आणि तुम्हा सगळ्यांना सांगणं असं की रिपोर्टचा फोटो कोणाला पाठवायची वेळ आली तर सोबत चार गोष्टी लिहा : वय, आजाराचा कितवा दिवस, बसल्या जागी आणि सहा मिनिटं चालल्यावर ऑक्सिजन किती, आणि शुगर-बीपी आहे का. धाप लागत असेल किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका, फोटो पाठवू नका. माणसाला घेऊन दवाखान्यात या.